पापणी कोठे अपुरी पडते?

पोलादपुराहून महाबळेश्वराकडे चढणारा आंबेनळी घाट, ज्याचा उल्लेख इंग्रजी अमदानीच्या दप्तरांत फिट्झजेरल्ड घाट असा आढळतो, हा सह्याद्रीच्या काळ्या फत्तरातून काढलेला रस्ता असून, पावसाळ्यात त्यावर दरड कोसळली म्हणजे घण, पहार, छन्नी आणि अलीकडच्या काळात ब्रेकर घेऊन मजुरांच्या टोळ्या धोंडे फोडून वाट मोकळी करू लागतात. अशा ठिकाणी थोडा वेळ थांबून पाहणाऱ्याच्या मनात एक कोडे सहज उभे राहावे. काम करणाऱ्याच्या तोंडासमोर चिलट आले, वाऱ्याने धूळ उठली किंवा कपाळावरचा घाम भुवईखाली उतरू लागला, की त्याची पापणी त्याच्या नकळत मिटते. झोपेत, बोलण्याच्या भरात, दोन्ही हात गुंतलेले असतानाही हा पहारा चुकत नाही. मग हीच तत्पर पापणी धोंड्यावरून उडालेल्या, मोहरीच्या दाण्याहून लहान अशा कपचीपुढे निष्प्रभ का व्हावी?

या प्रश्नाचे उत्तर असे, की पापणीच्या कर्तव्यात कसूर होत नाही. ज्या संकटांसाठी तिची घडण झाली, त्यांच्या यादीत पोलादाच्या घावाने उडालेला तुकडा, वेल्डिंगचा प्रकाश आणि पिंपातून उसळलेला कॉस्टिक सोडा ही संकटे कधी नव्हतीच. मनुष्याने आपल्या उद्योगांनी जी नवी संकटे निर्माण केली, त्यांचा बंदोबस्तही त्यानेच करावयास हवा. आणि तो करण्यापूर्वी प्रत्येक संकट डोळ्याला नेमक्या कोणत्या मार्गाने इजा करते, हे समजून घेतले पाहिजे, कारण एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडतोच असे नाही.

निसर्गाचा बंदोबस्त

मनुष्याचा नेत्रगोल सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचा असून तो कवटीच्या हाडांच्या खोबणीत बसविलेला असतो. वरून भुवईचे हाड, खालून गालाचे हाड आणि आतल्या बाजूने नाक पुढे आलेले असल्यामुळे चेंडूएवढी वस्तू आदळली, तर आघाताचा मोठा भाग ही हाडेच सोसतात. परंतु कानाकडील बाजू उघडी असते, आणि खोबणीच्या तोंडाहून लहान असलेल्या वस्तूला ही हाडे अडवू शकत नाहीत. कपची, कुसळ, ठिणगी आणि थेंब या साऱ्या वस्तू त्याच वर्गातल्या होत.

डोळ्याच्या अगदी पुढे जो पारदर्शक पडदा असतो त्याला स्वच्छमंडल किंवा पारपटल म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी अवघी अर्धा मिलिमीटर असते. त्याच्या पृष्ठभागावर पेशींचे पाचसहा थर असतात, आणि वरवर खरचटले तर हे थर एकदोन दिवसांत भरूनही येतात. त्याखालचा मुख्य थर मात्र अत्यंत शिस्तीने रचलेल्या तंतूंचा असतो. त्या रचनेमुळेच तो पारदर्शक राहतो, आणि तेथपर्यंत जखम पोहोचली तर ती भरते खरी, पण भरताना रचना विस्कटून पांढरा व्रण राहतो. यालाच आपल्याकडे ‘डोळ्यात फूल पडणे’ म्हणतात.

या पडद्याची दोन वैशिष्ट्ये पुढील सर्व विवेचनाला उपयोगी पडतील. पहिले हे, की शरीरातील अत्यंत दाट मज्जातंतूंचे जाळे त्यात असते. म्हणूनच धुळीचा कणही असह्य होतो. दुसरे हे, की त्यात रक्तवाहिन्या नाहीत. रक्त नाही म्हणून तो स्वच्छ आहे. पण रक्त नाही म्हणूनच जंतूंचा प्रतिकार करणाऱ्या रक्तपेशी तेथे तातडीने पोहोचू शकत नाहीत. ही उणीव काही अंशी अश्रू भरून काढतात. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अश्रूंतील लायसोझाइम नावाचे द्रव्य कित्येक जीवाणूंना विरघळवते असे दाखवून दिले. बुरशीपुढे मात्र या द्रव्याची मात्रा फारशी चालत नाही, ही गोष्ट कोकणातल्या भातशेतकऱ्याच्या दृष्टीने किती महत्त्वाची आहे ते पुढे येईलच.

कपचीचा वेग

पापणीच्या चपळाईचा हिशेब मांडून पाहू. संकटाची चाहूल लागल्यापासून पापणी मिटेपर्यंत सेकंदाचा सुमारे दहावा भाग जातो. आता घणाच्या घावाने उडालेली कपची सेकंदाला ३० मीटर वेगाने निघाली असे धरले, तर दोन फुटांवरील डोळ्यापाशी पोहोचण्यास तिला सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो. म्हणजे पापणी अर्धीही उतरलेली नसताना कपची आपले काम करून चुकलेली असते. क्वचित पापणी मिटलेली असली तरी तिची त्वचा ही संपूर्ण शरीरातील सर्वांत पातळ त्वचा होय. धारदार तुकडा तिच्यातूनही आरपार जातो.

तुकडा लहान आहे म्हणून तो सौम्य असेल, हा समज येथे घात करतो. वस्तूच्या अंगचा जोर तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. वेगाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. शिवाय हा सगळा जोर एका टोकदार कडेवर एकवटलेला असल्यामुळे अर्ध्या मिलिमीटरचा पडदा त्याला दाद देतो यात नवल नाही.

दगडाची कपची निदान दिसते तरी. पोलादाची अधिक फसवी असते. छन्नीच्या डोक्यावर घाव घालून घालून तिच्या कडा पसरतात, बाहेर वळतात आणि चिरतात. असाच एखादा चिरलेला तुकडा पुढच्या घावासरशी सुटून उडतो. टणक पोलादाच्या हातोड्यावर दुसरा हातोडा आपटला, किंवा लाकडाची फाटी फोडताना पाचरीवर घण बसला, तरी तेच घडते. असा तुकडा कित्येकदा इतक्या वेगाने आत शिरतो की जखमेचे तोंड आपोआप मिटते. किंचित टोचल्यासारखे होते, दोन थेंब पाणी येते, आणि दृष्टी तूर्त शाबूत राहिल्यामुळे माणूस पुन्हा कामाला लागतो. आत राहिलेले लोखंड मात्र हळूहळू गंजत जाते, त्याचे क्षार नेत्रपटलात भिनतात आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी दृष्टी मंदावू लागते. तेव्हा ‘लोखंडावर लोखंड आपटताना काहीतरी लागले’ एवढे वाक्यसुद्धा डॉक्टरपाशी न चुकता सांगण्याजोगे आहे. त्यावरून क्ष-किरण वा सीटी तपासणी करून तुकडा शोधता येतो. ज्याच्या डोळ्यात असा तुकडा असण्याची शंका आहे त्याने एमआरआय तपासणीपूर्वी ते अवश्य सांगावे, कारण त्या यंत्रातील प्रबळ चुंबकाने तुकडा आतल्या आत सरकून डोळा फाटू शकतो.

डोळा भेदला गेल्याची शंका येताच तो चोळणे, दाबणे, धुणे किंवा रुतलेली वस्तू उपटणे या चारही गोष्टी वर्ज्य होत. डोळ्याला स्पर्श होणार नाही अशा बेताने कागदी पेल्याचा तळ किंवा लहान वाटी हाडांच्या कडेवर टेकवून बांधावी, शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागण्याचा संभव असल्यामुळे रुग्णास खाऊपिऊ घालू नये, आणि नेत्रशल्यविशारदाकडे त्याच दिवशी न्यावे.

अशा जखमेची हेळसांड झाल्यास संकट एका डोळ्यापुरते राहील असेही नाही. डोळ्याच्या आतील घटकद्रव्ये शरीराच्या प्रतिकारशक्तीपासून एरवी अलग राहिलेली असतात. जखमेमुळे त्यांची गाठ पडली की ती परकी समजली जाऊन क्वचित धडधाकट डोळ्यावरही हल्ला सुरू होतो. फ्रान्समधील कूव्हरे गावच्या खोगीर शिवणाऱ्या कारागिराचा तीन वर्षांचा मुलगा १८१२ साली बापाच्या कारखान्यात आरीने खेळत असता एका डोळ्याला इजा करून बसला, दाह दुसऱ्या डोळ्यातही उतरला आणि मुलगा पूर्ण अंध झाला. हाच मुलगा पुढे लुई ब्रेल या नावाने जगाला परिचित झाला. त्याच्या लिपीचे ऋण आपण मानतो. पण ज्या हत्याराने ती आवश्यक केली ते कारागिराच्या रोजच्या वापरातलेच होते, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

भाताचे पाते

आंबेनळीच्या पायथ्याशी सावित्रीच्या खोऱ्यात भात, आणि उतारांवर नाचणी व वरी ही पिके होतात. आश्विन-कार्तिकात कापणी आणि झोडणी सुरू झाली की डोळ्यांच्या दुखापतींचा दुसरा, वरकरणी क्षुल्लक वाटणारा प्रकार आरंभतो. भाताच्या पात्याच्या कडेवर सिलिकेचे, म्हणजे वाळूच्याच जातीच्या द्रव्याचे, बारीक दाते असतात. वाकून कापताना ते पाते डोळ्यावरून घसरले, किंवा झोडताना लोंबीचे कुसळ वा तूस उडून आत गेले, तर पारपटलाच्या वरच्या थरावर ओरखडा उमटतो. येथे वेग नाही, जोर नाही, जखमही केसाएवढी. धोका आहे तो त्या पात्यावर बसून आलेल्या बुरशीचा.

शेतातील माती, पेंढा आणि पाने यांवर फ्युजेरियम, अ‍ॅस्परजिलस अशा बुरशींचा वास असतोच. अखंड पृष्ठथरातून त्यांना आत शिरता येत नाही; ओरखडा मात्र वाट मोकळी करतो. आत रक्तवाहिन्या नाहीत, अश्रूंतील द्रव्याचा बुरशीवर प्रभाव नाही, आणि कोकणातली हवा दमट. अशा स्थितीत बुरशी सावकाश, कित्येकदा आठदहा दिवस विशेष गाजावाजा न करता, वाढत राहते. प्रथम खुपते, मग पाणी येते, मग पांढरा ठिपका दिसू लागतो. आणि दिवाळीची गडबड आटोपून मनुष्य महाडला डॉक्टरकडे पोहोचतो तोवर त्या ठिपक्याचा व्रण झालेला असतो.

मधल्या दिवसांत घरी जे उपचार चालतात त्यांनी नुकसान वाढते. जिभेच्या टोकाने किंवा पदराच्या कोपऱ्याने कुसळ काढणे, डोळ्यात दूध अगर मध घालणे, कुणाच्या तरी घरी उरलेली औषधाची कुपी आणून थेंब टाकणे, हे सारे सद्हेतूनेच होते. पण जीभ आणि कापड नवे जंतू पोहोचवितात, आणि उरलेल्या कुपीत स्टेरॉइड असेल तर लाली व दुखणे तात्पुरते ओसरते, बुरशीला मात्र शरीराचा उरलासुरला प्रतिकारही नाहीसा होऊन रान मोकळे मिळते. म्हणून लाल डोळ्यात ओळखीच्या दुकानदाराने दिलेले थेंब टाकणे हा जुगार समजावा. शेराच्या कुंपणाची छाटणी करताना किंवा रुई तोडताना उडणाऱ्या चिकाचीही येथेच नोंद केली पाहिजे. तो चीक पारपटलाला आणि त्यामागील भागाला तीव्र दाह करतो, आणि पाण्याने लगोलग व भरपूर धुणे हाच त्याचा पहिला इलाज आहे.

उलटपक्षी, वेळीच हालचाल केली तर हे संकट किती सहज टळते याचा एक दाखला नेपाळातील भक्तपूर येथील आहे. तेथे गावागावांतील प्राथमिक आरोग्यसेवकांना डोळ्यावरचा ताजा ओरखडा ओळखावयास शिकवून, अशा रुग्णांना क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम तीन दिवस देण्याची तजवीज करण्यात आली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, दुखापतीनंतर १८ तासांच्या आत ज्यांना हा उपचार मिळाला त्यांपैकी एकाच्याही डोळ्यात व्रण झाला नाही. उपचार साधा होता. निर्णायक ठरली ती वेळ. सकाळी पाते लागले असेल तर डोळा खुपत असो वा नसो, दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता आरोग्य केंद्र गाठणे, आणि कापणी-झोडणीच्या वेळी साधा पारदर्शक चष्मा लावणे, या दोन गोष्टींनी भातखाचरातली बहुतेक ‘फुले’ टाळता येतील.

मध्यरात्री उठणारी आग

वेल्डिंगच्या दुकानातला अनुभव वरील दोन्हींहून निराळा. दिवसभर काम केले, काही लागले नाही, काही उडाले नाही. आणि जेवून निजल्यावर मध्यरात्री दोन्ही डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग उठून माणूस तळमळू लागला. कारागीर याला ‘वेल्डिंग लागले’ म्हणतात. आघात दिवसा आणि वेदना रात्री, असे का व्हावे?

विजेच्या ठिणगीतून दिसणाऱ्या प्रकाशाबरोबरच अतिनील किरणही बाहेर पडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून पापणी त्यांच्यासाठी मिटत नाही. पारपटलाचा पृष्ठथर ते बहुतांशी शोषून घेतो, आणि त्या थरातल्या पेशींच्या अंतर्भागाला इजा होते. इजा झालेली पेशी तत्काळ मरत नाही. सहा ते बारा तासांनी ती सुटून गळते, आणि तिच्याखालचे दाट मज्जातंतू उघडे पडले की वेदना सुरू होते. विलंबाचे सारे रहस्य एवढेच. नवा थर एकदोन दिवसांत येतो आणि दुखणे थांबते.

येथे दुसरीही गोष्ट समजून घेतली पाहिजे. किरणांची मात्रा दिवसभरात साठत जाते. पडदा बाजूला ठेवून ‘नुसते दोन टॅक मारतो’ म्हणणारा कारागीर दिवसातून पन्नास वेळा तसे म्हणाला, तर त्या क्षणांची बेरीज त्याच्या डोळ्यांत झालेली असते. पत्रा धरून उभा असलेला मदतनीस, शेजारच्या बाकावर दुसरेच काम करणारा माणूस, दाराशी कौतुकाने पाहत थांबलेले पोर, यांनाही ती मिळते, कारण पांढऱ्या भिंतीवरून किरण परततात.

वेल्डिंगच्या काचेवर जो क्रमांक असतो तो तिच्या काळेपणाचा, म्हणजे ती किती प्रकाश रोखते याचा, निदर्शक होय. विजेच्या वेल्डिंगला साधारणतः १० ते १३ क्रमांकाची आणि वायुज्योतीने पत्रा कापण्यास ३ ते ६ क्रमांकाची काच लागते. बाजारातला काळा शोभेचा चष्मा या कामी निरुपयोगीच नव्हे, तर घातक ठरू शकतो. अंधारामुळे बाहुली विस्तारते, आणि काच अतिनील किरण अडवणारी नसेल तर ते अधिकच आत पोहोचतात. रात्री आग उठली असता थंड पाण्याची पट्टी, अंधार व विश्रांती हे ठीक. पण डोळा बधिर करणारे थेंब वारंवार घालण्याची जी खोड काही दुकानांत असते ती सोडलीच पाहिजे. बधिर झालेला डोळा दुखत नाही आणि भरूनही येत नाही; त्या थेंबांच्या अतिरेकाने पारपटल अक्षरशः विरघळल्याची उदाहरणे वैद्यकाला ठाऊक आहेत.

चुना अधिक वाईट की अ‍ॅसिड?

महाडजवळ बिरवाडीच्या परिसरात औद्योगिक वसाहत झाल्यापासून या तालुक्यातील कित्येक घरांतला कर्ता पुरुष रसायनांच्या कारखान्यात कामाला जाऊ लागला. तेथे अ‍ॅसिडाची धास्ती सर्वांनाच असते. कॉस्टिक सोडा, अमोनिया किंवा साधा चुना यांची तितकी नसते. डोळ्याच्या बाबतीत ही समजूत नेमकी उलट आहे.

दुधात लिंबू पिळले म्हणजे ते फाटते आणि त्यातील प्रथिनांच्या गुठळ्या होतात. आम्लाचा थेंब पारपटलावर पडला की तेथील प्रथिनेही अशीच साखळतात; आणि हा साखळलेला थरच आम्लाला पुढे सरकण्यास काहीसा अडसर होतो. हायड्रोफ्लोरिक आम्ल या नियमाला भयंकर अपवाद आहे, आणि तीव्र आम्लाने डोळा जातो हेही खरे. परंतु सामान्यतः आम्ल स्वतःची वाट काही प्रमाणात स्वतःच बुजवते. अल्कलीचे तसे नाही. कॉस्टिक सोड्याने तेलाचा साबण होतो हे आपण जाणतो. पेशींची आवरणेही स्निग्ध द्रव्यांची असल्यामुळे अल्कलीने त्यांचाही साबणच होतो. प्रत्येक विरघळलेली पेशी पुढच्या पेशीकडे जाण्याचा मार्ग खुला करते, आणि अल्कली थांबत नाही. अमोनिया तर काही क्षणांतच पारपटल ओलांडून आत उतरतो. चुनकळी विरवताना उसळलेला चुना, ओल्या सिमेंटचा शिंतोडा आणि तंबाखूबरोबर खिशात बाळगलेली, लहान मुलाच्या हाती लागून फुटणारी चुन्याची नळी ही सारी याच जातीची संकटे होत. चुन्याचे कण पापणीखाली अडकून राहतात आणि अल्कली सोडीत राहतात, म्हणून ते अधिकच वाईट.

अल्कलीने पोळलेला डोळा लालभडक न दिसता कधी कधी पांढराफटक दिसतो, आणि पाहणारे ‘फारसे काही नाही’ म्हणून निर्धास्त होतात. वस्तुतः हे अशुभ लक्षण आहे. पारपटलाच्या कडेच्या वर्तुळात नव्या पेशी निर्माण करणारा साठा असतो. तेथील रक्तवाहिन्याच करपून गेल्या म्हणजे लाली कुठून येणार? हा साठा नष्ट झाला की पुढे नेत्ररोपण केले तरी ते टिकणे कठीण जाते.

रोपणाचा विषय निघाला म्हणून एक ऐतिहासिक योगायोग सांगण्यासारखा आहे. ७ डिसेंबर १९०५ रोजी त्या काळच्या ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील ओलोमौत्स येथे डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी मनुष्याच्या डोळ्यावर पारपटल-रोपणाची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. रुग्ण आलोईस ग्लोगार हा चुन्याने दोन्ही डोळे पोळलेला एक मजूर होता. आणि ज्याच्या काढून टाकाव्या लागलेल्या डोळ्याचे पारपटल त्याला बसविले, त्या अकरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यात लोखंडाचे तुकडे घुसले होते. ग्लोगारचा एक डोळा पुन्हा पाहू लागला. नेत्ररोपणाच्या साऱ्या विद्येचा आरंभ अशा रीतीने चुना आणि लोखंड यांच्या दोन इजांतून झाला.

रासायनिक इजेत पहिला वैद्य पाणी हाच. कोणते रसायन होते याची चौकशी, गाडीची व्यवस्था, मालकाला वर्दी, हे सर्व नंतर. नळ, पंप, विहीर, बाटली, जे स्वच्छ पाणी हाताशी असेल त्याने पापण्या बोटांनी फाकवून, डोळा सर्व दिशांना फिरवीत, किमान १५ मिनिटे आणि चुना अगर कॉस्टिक असल्यास अर्धा तास धुतले पाहिजे. आम्लावर सोडा आणि अल्कलीवर लिंबू घालण्याची शाळकरी रसायनशास्त्राची युक्ती येथे अजिबात करू नये. त्या क्रियेतून उष्णता निर्माण होते आणि बहुमोल मिनिटे वाया जातात. मिनिटाला दीड लिटर पाणी धरले तरी १५ मिनिटांना साडेबावीस लिटर लागते. म्हणजे २० लिटरचा एक जार पुरा पडत नाही. घाटातल्या कामावर, जेथे नळ नाही, तेथे निदान दोन जार केवळ या कारणासाठी राखून ठेवावे लागतील.

कसला चष्मा?

नंबराचा नेहमीचा चष्मा म्हणजे संरक्षक चष्मा नव्हे. त्याच्या बाजू उघड्या असतात, आणि काच फुटली तर तिचेच तुकडे आत जातात. संरक्षक चष्म्याची भिंगे बहुधा पॉलीकार्बोनेटची असतात. हे द्रव्य १९५३ मध्ये जर्मनीत आणि अमेरिकेत स्वतंत्रपणे तयार झाले. आघात झाला असता काचेसारखे न तडकता ते किंचित वाकते आणि जोर पसरवून टाकते. शिवाय रंगहीन असूनही ते अतिनील किरणांना अडवते, त्यामुळे वेल्डिंगच्या आसपास वावरणाऱ्यांनाही त्याचा लाभ होतो. प्रत्यक्ष वेल्डिंग करणाऱ्यास मात्र ते पुरेसे नाही.

दगड फोडणे, ग्राइंडर चालविणे, ग्रास कटरने रान काढणे या कामांना बाजूंचे संरक्षण असलेला चष्मा हवा. रसायनांच्या कामाला तो पुरत नाही, कारण थेंब कपाळावरून ओघळून आत येतो. तेथे चेहऱ्याला सर्व बाजूंनी चिकटून बसणारा, आडवळणी झरोके असलेला गॉगल लागतो. तोंडावरची पारदर्शक ढाल ही गॉगलवर घालावयाची आहे. गॉगलच्या ऐवजी नव्हे. भारतीय मानकांमध्ये नेत्रसंरक्षकांसाठी आय.एस. ५९८३ हे मानक आहे. खरेदी करताना ते पाहून घ्यावे.

मजूर चष्मा का लावीत नाहीत, या प्रश्नाला ‘बेपर्वाई’ हे उत्तर फार सोपे आहे. कोकणातल्या दमट हवेत घामाची वाफ भिंगावर धरते आणि समोरचे दिसेनासे होते. धूळ बसलेले भिंग सदऱ्याने कोरडेच पुसल्यामुळे त्यावर ओरखडे पडून ते आंधळे होते. एकच चष्मा पाचजणांत फिरतो आणि कोणाच्याही नाकावर नीट बसत नाही. ज्या चष्म्यातून दिसत नाही तो काढून ठेवणारा मनुष्य स्वतःच्या हातापायांच्या सुरक्षिततेचाच विचार करीत असतो. उपाय म्हणून झरोक्यांचा वा वाफ न धरणारा चष्मा प्रत्येकास त्याचा स्वतंत्र द्यावा, भिंग आधी साबणपाण्याने धुऊन मग मऊ फडक्याने टिपावे, आणि ओरखडे पडले की बदलून द्यावे. चाळिशी उलटलेल्या कारागिराला जवळचे दिसण्यासाठी नंबराची गरज असेल, तर नंबराच्या चष्म्यावरून बसेल असा रुंद गॉगल द्यावा.

कायदा, मालक आणि मुकादम

डोळ्यांचे रक्षण ही केवळ मजुराची खाजगी जबाबदारी आहे, असे आपला कायदा मानीत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३५व्या कलमाने, उडणाऱ्या कणांपासून किंवा अतिरिक्त प्रकाशापासून डोळ्यांना धोका असलेल्या कामांत परिणामकारक पडदे अगर योग्य गॉगल पुरविण्याची सक्ती नियमांद्वारे करण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला. त्या कलमात पडद्याचाही उल्लेख आहे ही गोष्ट सूचक आहे. धोका उगमापाशी अडविता आला तर तो प्रत्येकाच्या नाकावर अडविण्याची वेळ येत नाही. छन्नीचे पसरलेले डोके वेळोवेळी घासून सारखे करणे, ग्राइंडरचे झाकण न काढणे, फत्तर फोडताना दोन मजुरांत पुरेसे अंतर ठेवणे, वेल्डिंगभोवती आडोसा उभारणे, नळीचा जोड खोलण्यापूर्वी आतला दाब उतरविणे, हे उपाय चष्म्याच्या आधीचे आहेत. चष्मा ही शेवटची फळी होय.

इजा झाल्यानंतरचा हिशेब १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात आढळतो. दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गमावल्यास कमावण्याची शक्ती ४० टक्के, आणि नेत्रगोल शाबूत राहून केवळ त्याची दृष्टी गेल्यास ३० टक्के घटली असे ते परिशिष्ट धरते. हे कायदे २०२० च्या संहितांत सामावले गेले असले, तरी मालकाच्या जबाबदारीचे तत्त्व तेच राहिले. परंतु टक्केवारीत न मावणारे नुकसानही आहे. दोन डोळ्यांच्या दोन निरनिराळ्या दृश्यांवरून मेंदू अंतराचा अंदाज बांधतो. एक डोळा गेला की घण कोठे बसेल, पायरी किती खोल आहे, समोरून येणारी गाडी किती दूर आहे, हा अंदाज ढळतो आणि एका बाजूचे दृश्यही तुटते. घाटाच्या कडेला काम करणाऱ्यास किंवा गाडी हाकणाऱ्यास याचा अर्थ निराळा सांगावयास नको. अशा मनुष्याचा उरलेला डोळा कोणत्याही कामावर उघडा राहता कामा नये.

या सर्व साखळीत सर्वांत अधिक करू शकणारी व्यक्ती म्हणजे मुकादम. कायदा मुंबई-दिल्लीत होतो, चष्मा ठेकेदार विकत घेतो. पण सकाळी हजेरी घेताना घण-पहारींबरोबर चष्मेही मोजून देणारा, स्वतः चष्मा लावून उभा राहणारा, आणि कोणी डोळा चोळताना दिसला तर खाडा न धरता त्याला त्याच दिवशी दवाखान्यात पाठविणारा माणूस तोच असतो. मजुरी कापली जाईल या भीतीने जो मजूर खुपणारा डोळा लपवून ठेवतो, त्याच्या बाबतीत वर सांगितलेले १८ तास आणि ती १५ मिनिटे या दोन्ही मुदती निष्फळ ठरतात. म्हणून इजा सांगणाऱ्याचा रोज बुडू न देणे ही चष्म्याइतकीच आवश्यक तरतूद आहे.

थोडक्यात (चौकट)

• कपची लागली: चोळू नका, धुऊ नका, ओढू नका. डोळा न दाबता वाटीने झाका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. ‘लोखंडावर लोखंड’ आपटले असल्यास अवश्य सांगा.

• भाताचे पाते, कुसळ वा तूस लागले: जीभ, पदर, दूध, मध वर्ज्य. १८ तासांच्या आत आरोग्य केंद्र. स्टेरॉइडचे थेंब स्वतःहून घालू नका.

• वेल्डिंग लागले: थंड पट्टी, अंधार, विश्रांती. बधिर करणारे थेंब नकोत. दोन दिवसांत बरे न वाटल्यास किंवा दृष्टी अंधुक झाल्यास तपासणी.

• चुना, सिमेंट, कॉस्टिक, अ‍ॅसिड, चीक: आधी पाणी, मग बाकी सारे. किमान १५ मिनिटे, अल्कली असल्यास अर्धा तास. पापणीखालचे कणही धुऊन काढा.

• मुकादमासाठी: माणशी एक चष्मा, छन्नीची डोकी घासलेली, वेल्डिंगला आडोसा, धुण्यासाठी पाण्याचे दोन जार, आणि डोळ्याची इजा सांगणाऱ्याची त्या दिवसाची हजेरी पूर्ण.